रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग झालं तर!

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझ्या रूममेटला मी ‘नाटकी’ म्हणालो होतो. तेही तोंडावर.

सेकंड इयरची गोष्ट. पुण्यात आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहायचो. जुलैचा पाऊस, रस्त्यावर चिखल. हा क्लासवरून बाइकने येत होता. वळणावर गाडी स्लिप झाली आणि डोकं डिव्हायडरवर आपटलं. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. लोकांनी उचलून बाजूला बसवलं. नाव विचारलं, नाव सांगितलं. गाव विचारलं, गाव सांगितलं. रक्त म्हणावं तर कोपरावर खरचटलेलं तेवढंच. हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. एक रात्र ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. त्याच्या घरी फोन मीच केला होता, ‘काका, काही टेन्शन घेऊ नका. डोक्याला मुका मार आहे फक्त. रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे.’

पंधरा दिवसांनी कोपर बरं झालं. तो मात्र बरा होईना.

पुस्तक उघडून बसायचा आणि अर्ध्या तासाने बघावं तर पान तेच. मोबाइलवर ओटीपी आला की मेसेज वाचून तो टाइप करेपर्यंत मधले दोन आकडे विसरायचा. मेसमध्ये ताटं-वाट्यांचा आवाज सुरू झाला की डोकं धरून बाहेर यायचा. ट्यूबलाइट बंद करा म्हणून आमच्याशी भांडायचा. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, ‘अरे ते हे दे ना, ते... हे...’ म्हणत हवेत हात फिरवायचा. त्याला हवा असायचा चार्जर. दुपारी लेक्चर करून आला की चार-चार तास झोपायचा आणि रात्री टक्क जागा. इंटर्नलला दोन विषयांत गेला. हा तोच पोरगा, जो परीक्षेच्या आदल्या रात्री आम्हाला शिकवायचा!

एका संध्याकाळी सबमिशनवरून वाद झाला आणि मी बोलून गेलो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना तुझा? मग किती दिवस नाटक करणारेस?’

तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला. खूप महिन्यांनी, सगळं निवळल्यावर, तो मला म्हणाला, ‘तू बोललास त्याचं काही नाही रे. पण तेव्हा मलाच वाटायला लागलं होतं, की आपण नाटक करतोय.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

मुका मार बोलत नाही

तो जे भोगत होता त्याला नाव आहे. मेंदूला बसलेल्या हादऱ्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात आणि त्यानंतर लक्षणं रेंगाळत राहिली, की त्याला ‘पोस्ट कन्कशन सिंड्रोम’ म्हटलं जातं. डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणं, झोपेचं गणित बिघडणं, चिडचिड ही एक बाजू. दुसरी बाजू विचार करण्याची. लक्ष टिकत नाही, नुकतंच ऐकलेलं निसटतं, दोन कामं एकावेळी जमत नाहीत आणि डोकं सगळंच हळू करतं. बुद्धी कुठे गेलेली नसते. पण तेच काम करायला दुप्पट ताकद लागते आणि ती दुपारपर्यंतच संपते.

मग स्कॅनमध्ये हे का दिसत नाही?

कारण सीटी स्कॅन वेगळंच काही शोधत असतो. डोक्यात रक्तस्राव झालाय का, कवटीला तडा गेलाय का, सूज आहे का, तातडीने ऑपरेशन लागणार आहे का. जीव वाचवण्यासाठी हे प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. त्यांचं उत्तर ‘नाही’ आलं, की रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं जातं. पण हादऱ्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेर जाणाऱ्या क्षारांचं संतुलन बिघडतं. ते सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा हवी असते आणि नेमका तेव्हाच तिचा पुरवठा कमी पडतो. हा गोंधळ साध्या स्कॅनवर उमटत नाही. पुण्याचा नकाशा उघडला तर सगळे पूल जागच्या जागी दिसतात, पण त्यावरचा संध्याकाळी सहाचा ट्रॅफिक जॅम दिसतो का? तसंच आहे हे.

अजून एक गैरसमज. ‘बेशुद्ध पडला नव्हता ना? मग काही नाही.’ असं नसतं. कन्कशन झालेले बरेच जण एक क्षणही बेशुद्ध पडत नाहीत.

आपल्याकडे ‘मुका मार’ हा शब्द किती नेमका आहे बघा. जखम दिसते तेव्हा ती बोलते. पट्टी बोलते, प्लास्टर बोलतं, टाके बोलतात. मुका मार बोलत नाही. त्याच्या वतीने माणसालाच बोलावं लागतं. आणि नेमकं तेव्हा आपण म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहे ना!

मैदानाला कळलं, वर्गाला कधी कळणार?

तुम्ही क्रिकेट बघत असाल तर ४ डिसेंबर २०२० ची कॅनबेरातली टी-ट्वेंटी आठवत असेल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या ओव्हरमध्ये मिचेल स्टार्कचा बॉल लागला. तो पडला नाही, उलट पुढे खेळला आणि नाबाद ४४ करून परत आला. चक्कर येतेय हे कळलं ते ड्रेसिंग रूममध्ये. त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला, त्याने तीन विकेट्स काढल्या आणि सामनावीरही ठरला. ऑस्ट्रेलियाचे कोच जस्टिन लँगर मॅच रेफ्रींशी हुज्जत घालताना सगळ्या जगाने पाहिले. सोशल मीडियावर तर विचारूच नका. ‘धावा काढताना बरा होता की!’ ‘सोयीचं कन्कशन!’

ओळखीचं वाटतंय ना? मी रूममेटला जे म्हणालो, तेच हे. फक्त मोठ्या मैदानावर.

पण फरक बघा. तिथे नियम होता. फिलिप ह्यूजला २०१४ मध्ये मानेवर बाउन्सर लागून त्याचा मृत्यू झाला आणि क्रिकेट हादरलं. डोक्याच्या दुखापतीकडे बघण्याची नजर बदलत गेली आणि ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन सब्स्टिट्यूटचा नियम आला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बॉल स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ परत येऊन खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला बरं वाटेना. त्याला बाहेर बसवून मार्नस लाबुशेनला खेळवलं. पुढची टेस्टही स्मिथ खेळला नाही. ॲशेस चालू होती, तरी!

आणि विल पुकोव्स्की आठवतो? जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत भारताविरुद्ध पदार्पणात ६२ धावा करणारा. डोक्याला पुन्हा पुन्हा लागत गेलं आणि २०२५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याला खेळच सोडावा लागला. एकच टेस्ट खेळला तो. नवी लक्षणं संपण्याआधी दुसरा हादरा बसू नये यासाठी एवढी काळजी का घेतात, हे अशा खेळाडूंकडे बघून कळतं.

खेळाच्या जगाने आणखी एक गोष्ट ओळखली. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयातल्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या शिफारशींमध्ये खेळाकडे परतण्याच्या पायऱ्या आहेतच, पण त्याबरोबर शिक्षणाकडे परतण्याच्या पायऱ्याही आहेत. आधी घरी थोडं वाचन, मग अर्धा दिवस वर्ग, मग पूर्ण दिवस. म्हणजे विद्यार्थी खेळाडूला बॅट हातात घेण्याआधी बाकावर नीट बसता आलं पाहिजे.

आता आपल्या कॉलेजकडे या. आहेत अशा पायऱ्या?

हात मोडला की लेखनिक, डोक्याला लागलं की लेक्चर

परीक्षेच्या तोंडावर कुणाचा उजवा हात मोडला तर काय होतं? प्लास्टर दाखवलं, डॉक्टरांचं पत्र दिलं की लेखनिक मिळतो. कुणी विचारत नाही, ‘खरंच दुखतोय का रे?’ ते प्लास्टर बघून शिपाईमामासुद्धा लिफ्टने जा म्हणतात.

आणि ज्याच्या डोक्याला लागलंय तो? त्याच्याकडे दाखवायला असतो एकच कागद, नॉर्मल लिहिलेला! म्हणजे त्याचा पुरावाच त्याच्या विरुद्ध. मग ७५ टक्के हजेरी भर, सबमिशन वेळेत दे, तीन तासांचा पेपर तीनच तासांत लिही. नाही जमलं तर केबिनमध्ये बोलावून लेक्चर. ‘तुझ्यात पूर्वीसारखा सिन्सिअरपणा राहिला नाही.’ माझ्या रूममेटला हेच ऐकवलं गेलं. तो मान खाली घालून ऐकत होता, कारण सर काय बोलतायत हे समजून घ्यायलाच त्याला वेळ लागत होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. मेंदूची दुखापत हा त्यातला वेगळा प्रकार नाही. शिवाय चार-सहा महिने रेंगाळणाऱ्या त्रासासाठी प्रमाणपत्र वगैरेचा मार्गही नाही, आणि तो बहुतेकांना नकोही असतो. त्यांना हवी असते थोडी सवड. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. कॉलेजच्या एका पानाच्या परिपत्रकात मावेल एवढीच ती मागणी आहे. डॉक्टरांचं पत्र असेल तर काही आठवडे हजेरीत सूट. सबमिशनला मुदत. परीक्षेत जादा वेळ आणि मधे दहा मिनिटांची विश्रांती. आवाज आणि झगमगीत उजेड नसलेल्या खोलीत बसायची सोय. पेपर बुडालाच तर नंतर देण्याची संधी. झालं!

आणि हा दोन-चार मुलांचा प्रश्न आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे झाले गेलेले. जे वाचले, डोकं चोळत घरी आले, नॉर्मल रिपोर्ट घेऊन पुन्हा वर्गात बसले, त्यांची मोजणी कोण करतं? त्यात कबड्डीच्या मैदानात डोक्यावर आपटलेली पोरं धरा. दहीहंडीच्या थरांवरून कोसळलेले गोविंदा धरा. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, चांगलंच झालं. पण खेळ म्हणायचं, तर खेळाचे नियमही यायला हवेत. थरावरून डोक्यावर पडलेला गोविंदा पाणी मारून अर्ध्या तासात दुसऱ्या हंडीला उभा राहतो, तेव्हा त्याला आपण ‘जिगरबाज’ म्हणतो. स्टीव्ह स्मिथला तर बाहेर बसवलं होतं!

‘मग काय, सगळेच फायदा घेतील!’

हा आक्षेप येणार, मला माहीत आहे. उद्या सगळेच डोकं धरून येतील, म्हणे. येतील एखाद-दोन. खोटं मेडिकल सर्टिफिकेट तर आजही येतं, म्हणून आपण टायफॉइड झालेल्याला परीक्षेला बसवतो का? एका नाटक्याला पकडण्यासाठी दहा खऱ्या पेशंटना नाटकी ठरवायचं, हा सौदा महागाचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. ‘जास्त बोललं की माणूस जास्त आजारी होतो.’ यात तथ्य आहे. आपल्याला कायमचं काहीतरी झालंय या भीतीने लक्षणं लांबतात, चिंता आणि नैराश्य त्यात भर घालतात. पण यावर उपाय गप्प बसणं नाही, नीट सांगणं हा आहे. आणि सांगण्यासारखी बातमी चांगलीच आहे. बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. ज्यांचं रेंगाळतं त्यांच्याही अनेक त्रासांवर इलाज असतो. कुणाची डोकेदुखी मायग्रेनसारखी असते, कुणाचं मूळ मानेच्या दुखापतीत असतं, कुणाची चक्कर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे असते आणि व्यायामाने सुधारते. कुणाची झोप मार्गावर आली की निम्मं डोकं मार्गावर येतं.

माझ्या रूममेटला पहिल्या दिवशी, डिस्चार्जच्या कागदासोबत, मराठीत चार ओळी कुणी लिहून दिल्या असत्या तर? ‘पुढचे काही आठवडे विसरायला होईल, थकवा येईल, चिडचिड होईल. हे अपेक्षित आहे. हळूहळू कमी होईल. नाही झालं तर परत या.’ एवढंच. तो स्वतःला नाटकी समजला नसता. आणि मीही नसतो समजलो.

तुमच्या डोक्याला लागलं असेल तर

पहिले एक-दोन दिवस आराम करा. मोबाइल आणि स्क्रीन कमी. पण अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहू नका, त्याने उलट त्रास वाढतो. दोन दिवसांनी थोडं चाला, थोडं वाचा. लक्षणं वाढली की थांबा, कमी झाली की पुन्हा सुरू करा. वीस मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं डोळे मिटून शांत. नोट्स मित्राकडून घ्या, कामं कागदावर लिहा, त्यात कमीपणा कसला? दारू नको. डॉक्टरांना न विचारता रोज डोकेदुखीच्या गोळ्या नकोत, अति गोळ्यांनीही डोकं दुखतं. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान नको, बाइक नको.

महिना उलटला तरी त्रास आहे? मग परत जा, आणि ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगून येऊ नका. पान वाचून लक्षात राहत नाही, आवाज सहन होत नाही, शब्द सापडत नाहीत, असं एकेक सांगा. शक्यतो घरचं किंवा रूमवरचं कुणी सोबत न्या. बदल त्यांना आधी दिसतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जाता येतं. स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारे न्यूरोसायकॉलॉजिस्टही असतात. मन खूपच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन करायला लाजू नका.

आणि काही खुणा दिसल्या तर महिना काय, तासभरही थांबायचं नाही. डोकेदुखी वाढतच चाललीय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, फिट आली, जीभ अडखळतेय, हात-पाय लुळा पडतोय, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाका-कानातून पाण्यासारखं काही येतंय, माणूस उठवूनही नीट उठत नाही किंवा विचित्र वागतोय. मग तो रिपोर्ट काल नॉर्मल आला असला तरी सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

आणि तुमच्या मित्राला लागलं असेल तर

त्याच्यावर विश्वास ठेवा. खरं सांगतो, सगळ्यात स्वस्त औषध तेच आहे. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. एचओडींच्या केबिनमध्ये तो अडखळेल तेव्हा बाजूला उभे राहा. लेक्चरची नोट न मागता पाठवा. मेसची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, तेव्हा गर्दी नसते. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा त्यातलं मी काहीच केलं नाही.

हेल्मेटचं मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण ते ऐकून ऐकून तुमचे कान किटलेत. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. पण हँडलला अडकवलेलं हेल्मेट फक्त हँडल वाचवतं. आणि पुण्यात हेल्मेटविरोधात आंदोलन करणारे तुमचा पेपर लिहायला येणार नाहीत.

रूममेटचं काय झालं? जवळजवळ आठ महिने गेले. मानेचा व्यायाम, झोपेची शिस्त आणि एका डॉक्टरांनी शांतपणे पाऊण तास ऐकून घेणं, यातून तो सावरला. एक वर्ष मागे राहिला, पण डिग्री घेतली. आजही लग्नात बँड वाजायला लागला की तो हळूच मांडवाबाहेर जाऊन उभा राहतो.

आता मी त्याला काही विचारत नाही. मीही बाहेर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहतो.